तीन अंडी आणि एक शेपूट

सोमवार, ६ जानेवारी

चष्मा कपाळावर आहे, प्रेरणा. शोधू नको. आन् गॅसवर दूध ठेवलंयस, ते आधी बंद कर, मग वाच. ही वही उघडून बघणारी तूच असणार, दुसरं कोण. तेव्हा मी गावाकडं गेलेली असेन नायतर वर गेलेली असेन, म्हणजे दूध बंद करायला घरात कुणी नसणार.

वही तूच दिलीस, हे पण विसरली असशील. माझ्या बीपीचे आकडे लिहायला दिली होतीस. आकडे समोरच्या दारातल्या लीलाबाई लिहितात, ते एका ओळीत मावतात. बाकीचं पान कोरं सोडायचं म्हणजे रान पडीक ठेवल्यासारखं. म्हून मी सांगते आन् त्या लिहितात. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई आहे. मी 'हाय' म्हणलं की त्या 'आहे' लिहितात. म्हणलं लिहा, माझी भाषा या वयात धुऊन निघाली तर निघू द्या. तुझ्यासमोर वही काढायची नाय, अशी शपथ मी त्यांना देवीची घातलीय.

तू विसरशील म्हून सगळं पहिल्यापासून सांगते. आपण दोघी चिकलठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण ती माझ्यासारखीच, मनात आलं तर उठते. विमान गेलं की भांडी वाजतात. तुझं काम म्हणजे एका पुण्याच्या कंपनीची कॉम्प्युटरं घरी बसून लांबून राखायची. मी म्हणलं होतं, म्हणजे मेंढरं पुण्यात आन् धनगरीण चिकलठाण्यात? तू म्हणलीस, "व्हय आजी, आन् एखादं आजारी पडलं की इथूनच औषध पाजायचं." सहा महिन्यांची कच्ची नोकरी. एकतीस जानेवारीला पक्की, नायतर घरी.

तुझ्या बापानं, माझ्या रामहरीनं, निघताना बजावलं होतं, "माय संगं राहील तरच पोरगी शहरात राहील. आन् नोकरी पक्की नाय झाली तर गुमान परत यायचं. मग स्थळं बघू." मायला काय वाटतं ते कुणी विचारलं नाय. मी आठ दिवसांच्या बोलीवर आले, सहावा महिना लागला. अजून रामहरीकडून आठ दिवसांचंच पीठ मागवते. सुदर्शनची दुधाची गाडी बिडकीनहून येते, तिच्यात डबा येतो. जोंधळ्याचं पीठ जास्त दिवस ठेवलं की कडू होतं, हे एक. दुसरं, आपण काय इथं राहायला थोडंच आलोय.

आज एक माणूस येऊन गेला. तुझ्या कंपनीला हवेवरचं नेट चालत नाय, वायरीचंच पायजे. दाराजवळच्या डबीपासून खिडकीतल्या तुझ्या टेबलापर्यंत त्यानं निळी वायर टाकली, फरशीवरून आडवी. दोनदा माझ्या पायात आली. आमच्यात दावं पायाखाली येऊ देत नाहीत. दावं ओलांडलं की जनावर आटतं, असं माझी सासू म्हणायची. आन् दाव्यात पाय अडकून माणसाचे दात पडतात, हे मी स्वतः बघितलंय. म्हून दुपारी तुझं जेवण झाल्यावर झाडून घेताना मी ती वायर उचलली आन् माझ्या दिवाणाच्या पायाला, ट्रंकेमागं, खुंट्याची गाठ मारून ताणून बांधून टाकली. साप गेला बिळात.

दमले. जिने चढून नाय, जिने नुसते बघून.


बुधवार, ८ जानेवारी

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. नळाला पाणी नव्हतं, पण ते काय लिहायचं, आलं असतं तर लिहिलं असतं.

आज तुझं तोंड उतरलं. पडद्यावर तुझे साहेब बोलत होते, ते मधीच गोठले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मी म्हणलं, "अगं बाई, झटका आला की काय बिचाऱ्याला?"

"त्यांना नाही आजी, मला आलाय. नेट गेलं."

परत आले तेव्हा साहेब म्हणाले, "प्रेरणा, तीन दिवसांत ही तिसरी वेळ. राखणदारच गायब व्हायला लागला तर कसं?" विश्वजीत नाव त्यांचं. आवाज चांगला आहे, दाणेदार. आन् बोलले ते खोटं नाय. राखणदाराचा डोळा लागला की लांडग्याला आवतण द्यावं लागत नाय.

साहेब गेल्यावर तू काळा पडदा उघडलास, पांढऱ्या अक्षरांचा. चित्र नाय, रंग नाय, गुमान हुकूम लिहायचा आन् कॉम्प्युटरनं गुमान उत्तर द्यायचं. पहिला हुकूम हजेरीचा. पोटात काय काय बसलंय, त्याची ओळीनं नावं आली.

"कार्ड दिसतंय आजी, जागेवर आहे."

"कसलं कार्ड? रेशनचं?"

तू हसलीस, तेवढंच आज हसलीस. कॉम्प्युटरच्या पोटात एक पट्टी असते, तिच्या तोंडात वायर खोचतात, तिच्यातूनच सगळं नेट आत-बाहेर करतं, ते कार्ड. मग दुसरा हुकूम दिलास, ईथटूल की काहीतरी म्हणलीस. कार्ड आहे हे कळलं, पण जागं आहे का, वायर त्याला लागतेय का, किती जोरानं पळतंय, ते त्यात कळतं.

मला हे लगेच समजलं. मेंढरू कळपात आहे, म्हणजे बरं आहे असं नसतं. पकडायचं, खालची पापणी उलटी करायची. लाल असली तर सोडून द्यायचं. पांढरी असली तर ते उभं दिसतं तेवढंच, आतून पोखरलेलं असतं.


गुरुवार, ९ जानेवारी

आज तू मला पापणी बघायला शिकवलंस. म्हणलीस, "तू दिवसभर रिकामीच असतेस." रिकामी! भाकरी कोण करतं, तुझी कंपनी?

शेवटच्या ओळीत शेवटी एक इंग्रजी शब्द येतो, यस नायतर नो. खाली शेपूट लोंबत असेल तर वायर लागलेली आहे. शेपूट नसलेला आखूड शब्द आला तर सुटली. आन् मधल्या एका ओळीत एक काठी असते, तिच्यापुढं अंडी. तीन अंडी म्हणजे कार्ड हजाराच्या जोरानं पळतंय. सत्तर वर्षांत मला अक्षर आलं नाय, पण आमच्या कळपातली दोनशे मेंढरं मी कानाच्या कापावरून ओळखायचे. तसंच हे.

सकाळी शेपूट होती, अंडी तीन होती. दुपारी तू हाक मारलीस. शेपूट होती. अंडी दोन.

"एक अंडं कुणी खाल्लं?" मी म्हणलं.

"तेच शोधायचंय ना आजी," तू म्हणलीस, आन् डोकं टेबलावर टेकलंस.


शनिवार, ११ जानेवारी

शहरातलं दावं निसरडं. रात्रीतून गाठ सैल होते आन् सकाळी वायर परत फरशीवर. रोज दुपारी नव्यानं बांधते. आज दोन वेढे जास्त दिले आन् गुडघा टेकवून ओढली. शिंगरू बांधलं असतं तर दोन दिवस हललं नसतं.

गुडघा दुखतोय.


मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

तू तिळगूळ घेतलास, मी तिळगूळ घेतला, गोड कुणीच बोललं नाय. तुझे साहेब तर नायच. आज दोनदा गायब झालीस.

रामहरीचा फोन आला. पहिल्यांदा माझं बीपी विचारलं, मग लगेच, "पोरीचं काय?" मी म्हणलं, चाललंय. तो म्हणाला, "माय, जोंधळा चिकात आलाय. यंदाचा हुरडा लई गोड आहे. ओढ्याकडचा तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. आन् तांबडी टेकलीय, आठ-पंधरा दिवसांत विणार." तांबडी माझी शेळी. मी तिच्या आईला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ती विताना मी जवळ नाय, असं एकदा पण झालेलं नाय.

लीलाबाई, आता सांगते ते पण लिहा. (लीलाबाई म्हणतात, हे नको. मी म्हणते, लिहा.) फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, तुटू दे ही वायर एकदाची. नेट जाईल, नोकरी जाईल, एकतीस तारखेला दोघी गाडीत बसू, आन् हुरडा संपायच्या आत घरी. नातीसाठी आजीनं असं मनात आणावं का? आणलं. दमलेल्या माणसाच्या मनाला दार नसतं, काय पण आत येतं.


गुरुवार, १६ जानेवारी

आज सकाळपासून मी आन् लीलाबाई डोळ्याच्या शिबिराला गेलो होतो. रांगेत लीलाबाईंनी माझ्या आधी आपला नंबर लावला, कारण त्यांना लिहायचं असतं आन् मला नुसतं बघायचं असतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणे. पाच वाजता घरी आलो तर तू दारातच उभी, तोंड फुललेलं.

"आजी! आज एकदा पण पडलं नाही! तीन अंडी, दिवसभर!"

लीलाबाई म्हणाल्या, "तुमचा पायगुण म्हाळसाबाई. घराबाहेर गेलात आणि नेट सुधारलं."

"मग उद्यापासून तुमच्याच घरी जेवायला बसते," मी म्हणलं. सगळ्या हसलो. झाडायला उशीर झाला म्हून आज झाडलंच नाय.


सोमवार, २० जानेवारी

शुक्रवारी, शनिवारी परत तेच. तू ठरवलंस, कार्डच म्हातारं झालंय. काल रविवारी दोघी रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो. अतुल म्हणून दुकानदार आहे, कॉम्प्युटरची आतडी-कोथळी विकतो. त्यानं नवीन कार्ड काढून तुझ्या हातात दिलं. मी म्हणलं, दात बघून घे.

तो म्हणाला, "मावशी, याला दात आहेत, हे बघा." खरंच होते, खालच्या बाजूला पिवळे, ओळीनं. तरुण होतं.

घरी येऊन तू पेटी उघडून ते बसवलंस. आता पाठीमागं दोन तोंडं झाली, जुन्याचं एक, नव्याचं एक. कुठलं तोंड कुठलं हे तुला कळेना, कारण काळ्या पडद्यावर दोघांची नावं जुळ्यांसारखी.

"आजी, मागं बस. मी हुकूम देते. दोन्ही तोंडांपाशी बारीक दिवे आहेत. कुठला मिचकावतोय ते सांग."

मी गुडघे धरून बसले. तू कळा वाजवल्यास. आन् वरच्या तोंडाचा दिवा मिचकवायला लागला. थांबून थांबून, मुद्दाम, जसं ओळखीच्या मेंढराला शंभरातून नावानं हाक मारावी आन् त्यानं एकट्यानं मान वर करावी.

"वरचं!" मी ओरडले.

"नक्की?"

"अगं, डोळा मारतंय मला. या वयात!"

तू हसता हसता खाली फतकल मारलीस. मोतीबिंदूचा डोळा तुझ्या उपयोगाला आला. मला वाटलं, मी या घरात नुसती बापाची अट म्हून ठेवलेली नाय. ही गोष्ट तू विसरशील, मी विसरणार नाय.

वायर नव्या कार्डात खोचली. तीन अंडी. शेपूट. देवीला साखर ठेवली.


मंगळवार, २१ जानेवारी

नवीन कार्ड पण पडलं. दुपारी, बैठक चालू असताना. साहेब ओरडले नाहीत. मऊ बोलले, ते जास्त वाईट. "प्रेरणा, तुमचं काम चांगलंय. पण एकतीसला मला वरच्यांना उत्तर द्यायचंय. आता परत व्हायला नको."

तू मोरीत गेलीस आन् रडण्याचा आवाज येऊ नये म्हून नळ सोडलास. नळाला आज पाणी नव्हतं. कोरड्या नळाखाली रडलीस, ते मला सगळं ऐकू आलं. मी बाहेर भाकरी थापत होते. ती वाकडी झाली.


गुरुवार, २३ जानेवारी

आज जे झालं ते सांगायच्या आधी तीन वेळा उठून पाणी प्याले. लीलाबाईंचा चहा गार झाला.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तू काळ्या पडद्यावर आणखी एक हुकूम दिलास. म्हणलीस, "आजी, कॉम्प्युटर पण रोजची वही लिहितो. कधी काय झालं, तारीख-वेळ घालून. कार्ड कधी पडलं, कधी उठलं, सगळं असतं त्यात."

"मग इतके दिवस वाचलं का नाय?"

"वाचत होते, पण शेवटचं पानच. आज पहिल्यापासून बघते." आन् मोठ्यानं वाचायला लागलीस. "सहा तारीख, दोन वाजून दहा मिनिटं, पडलं. सात तारीख, दोन वाजून पाच. आठ तारीख, दोन वीस. नऊ, दोन दहा. आजी, बघ ना, पहिलं पडणं रोज दोनच्या आसपासच! दोनला असं काय होतं? विमान जातं का?"

मी म्हणलं, "विमानं काय, जातातच."

"चौदा तारीख, दोन पाच. पंधरा, दोन पंधरा. सोळा... सोळाला काहीच नाही. सतरा, दोन दहा..."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. दोनला तू जेवून उठतेस. दोनला मी झाडते.

तू कामाला बसल्यावर मी लीलाबाईंकडं आले. म्हणलं, वही काढा, सोळा तारखेचं वाचा. त्यांनी वाचलं. डोळ्याचं शिबिर. 'झाडायला उशीर झाला म्हून आज झाडलंच नाय.' म्हणलं, आता सहा तारखेचं वाचा. त्यांनी वाचलं आन् गाठीपाशी येऊन थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"म्हाळसाबाई."

"काय?"

"अहो, ती वायर असते. दावं नव्हे."

दोन वह्या. एक कॉम्प्युटरची, एक माझी. दोन्हींत तोच चोर. मला वाचता येत नाय म्हून मी सुटले होते इतके दिवस.


शुक्रवार, २४ जानेवारी

काल बांधलं नाय, आज पण बांधलं नाय. तू कामात असताना सैल होऊन राहिलेली गाठ सोडली. सोडताना वायर हातात घेऊन बघितली. तीन ठिकाणी मोडल्यासारखी चपटी, एका जागी आतली तार बोटाला लागत होती. सरळ करून ट्रंकेमागं सारून ठेवली. म्हणलं, झालं, आता काही सांगायची गरज नाय. जनावर सोडलं की आपोआप चरतं.

लीलाबाई म्हणाल्या, सांगून टाका पोरीला. मी म्हणलं, कोणत्या तोंडानं? या म्हातारीनं नोकरी खाल्ली, हे रामहरीच्या कानावर गेलं तर तो काय म्हणेल? आन् तू काय म्हणशील? तू काही म्हणणार नाहीस. तेच नको आहे मला.


शनिवार, २५ जानेवारी

बांधलेलं नसताना पण पडलं. दोनदा. आज अंडं एकच होतं.

म्हणजे पापणी पांढरी झालीय. आता नुसतं सोडून भागणार नाय, दावंच बदलायला पायजे. आन् तुला वायर सुचतच नाय. नवी कोरी आहे म्हून तू तिच्याकडं बघत नाहीस. कार्डावर कार्ड उलटं-पालटं करतेस. उद्या म्हणे आणखी एक आणणार.

रामहरीचा फोन आला होता. एक तारखेला टेम्पो घेऊन येतो म्हणाला, सामान भरायला. विचारून नाय, सांगून. तांबडी अजून व्यायलेली नाय, तुझी वाट बघतेय माय, असं म्हणाला. हुरड्याची आगटी पेटवून ठेवतो म्हणाला. मी हूं म्हणलं.

आता हे मनात आहे ते सगळं लिहा लीलाबाई, गाळू नका. सहा दिवस तोंड मिटून बसले तर मी घरी. ओढा, तांबडी, माझी खाट, माझं अंगण. काही करायचं नाय, नुसतं गप्प बसायचं. इतकी सोपी चोरी मी जन्मात बघितली नाय. दुपारभर दिवाणावर पडून तुझ्या पाठीकडं बघत होते. सहा महिने तीच पाठ बघतेय. पुण्यातली कुठली कुठली कॉम्प्युटरं राखताना तू अशी बसतेस, जशी मी माळावर बसायचे, एक पाय पोटाशी, नजर लांब. मला कुणी त्या माळावरून उठवून घरी बसवलं असतं, तर?

लीलाबाई विचारतात, मग ठरलं काय? मला काय माहीत. बीपी लिहा.


सोमवार, २७ जानेवारी

काल लीलाबाई झेंड्याला गेल्या होत्या, म्हून कालचं आज सांगते.

तू औरंगपुऱ्याला निघाली होतीस, चपला घालत होतीस. चष्मा कपाळावर, शोधत होतीस. मी म्हणलं, "पोरी, आमच्याकडं मेंढरू लंगडायला लागलं तर आधी खूर बघतात, मग दावं बघतात. तू खूर एकदा बदललास, आता परत बदलायला निघालीस. दावं एकदा पण बघितलं नाहीस."

"वायर? अगं, नवीन आहे ती."

"नवीन सून पण पहिल्याच महिन्यात आजारी पडते. बघ तर."

तू चपला काढल्यास. दारापासून वायर हातात धरत, रांगत, दिवाणाखाली गेलीस. ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाय. मी भिंतीवरच्या देवीकडं बघत बसले. इतका वेळ दिवाणाखाली काय करत होतीस कोण जाणे. बाहेर आलीस तेव्हा केसात जळमट होतं आन् हातात ती चपटी झालेली जागा.

"आजी," म्हणलीस, "उंदरानं कुरतडलंय गं."

माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्या मजल्यावर उंदीर! वायर पिळलेली, कुरतडलेली नाय, एक दात उठलेला नाय. इतकी शिकलेली पोरगी, पण पीळ आन् दात यातला फरक कळत नाय. माळावर वाढली असती तर कळला असता. मी म्हणलं, "मेल्याचं वाटोळं होवो."

"असू दे गं. बिचारा. त्याला काय माहीत, वायर आहे ते. त्याला वाटलं असेल, कुणाच्या पायात येईल."

मी तुझ्याकडं बघितलं. तू वायर गुंडाळत होतीस.

मग गेलीस आन् नवीन वायर घेऊन आलीस, आन् खिळ्यांच्या बारक्या चिमट्यांचा डबा. ती वायर तू भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, पार छताखालून फिरवून टेबलापर्यंत नेलीस. तीन तास स्टुलावर उभी होतीस. मी स्टूल धरलं होतं. खाली उतरून म्हणलीस, "आता कुणाच्या पायात येणार नाही. आणि उंदराच्या हाताला पण लागणार नाही."

"उंदराला हात असतात व्हय?"

"आपल्याकडच्याला असतात," म्हणलीस आन् चहा टाकायला गेलीस. तुझं बोलणं कधी कधी असंच असतं, अर्धं जाग्यावर आन् अर्धं पुण्यात.

जुनी वायर मला दिलीस. गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलीय, खुंट्याच्या गाठीनं. हलत नाय.

काळा पडदा उघडून मला बोलावलंस. शेपूट. तीन अंडी. आज दोनला पण तीन, चारला पण तीन. अतुलचं कार्ड तसंच राहू दिलंस. म्हणलीस, राहू दे आजी, तुला डोळा मारायला.

आता वाचशील तेव्हा हसू नको. प्रेरणा, तो उंदीर मी होते. तुला कळलं नाय म्हून सांगते. तोंडावर सांगायला जमलं नाय. लीलाबाई हे लिहिताना का हसल्या, विचारलं तर सांगत नाहीत.


शनिवार, १ फेब्रुवारी

काल साडेपाचला साहेबांचा फोन आला. तू उभी राहून बोललीस, जसं ते समोरच आहेत. पक्की. पाच दिवसांत नेट एकदा पण पडलं नाही म्हणाले, कारण काय होतं विचारलं. तू म्हणलीस, "उंदीर होता, सर." ते म्हणाले, "पिंजरा लावला का?" तू माझ्याकडं बघून म्हणलीस, "नाही सर, पाळलाय."

तुझ्या बापाला फोन मीच लावायला लावला. त्यानं आधी माझं बीपी विचारलं. मग म्हणाला, "म्हणजे माय, तुला आता तिथंच..." मी म्हणलं, व्हय. त्याला बोलणं पुरं करू दिलं असतं तर मलाच रडू आलं असतं. तांबडी परवा व्यायली म्हणे. दोन करडं, दोन्ही तांबडी. सगळं नीट झालं, मी नव्हते तरी.

संध्याकाळी तू माझ्या दिवाणाच्या काठावर बसलीस. "आजी, तुला जायचं होतं ना घरी?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग गप बस. आन् चष्मा कपाळावर आहे."

होता.

लीलाबाई, आता पुढचं पान वेगळं घ्या. हे प्रेरणासाठी नाय, रामहरीसाठी आहे. लिहून झालं की फाडा आन् उद्या सकाळी सुदर्शनच्या हातात द्या, रिकाम्या डब्यासंगं.

रामहरी, टेम्पो आणू नको. हुरडा पाठवू नको, आगटीपासून उचलला की त्याच्यात काही राहत नाय. ओढ्याकडचा तुकडा तुम्ही खा. तांबडीचा चीक पाठवू नको, वाटेत नासेल. लसणाची चटणी पाठव, करडईचं तेल पाठव, आन् वाळवलेल्या गवारी मोठ्या फडक्यात बांधून पाठव. पीठ मात्र पाठवू नको. आठ दिवसांचं पीठ मागायचे दिवस संपले. जोंधळा पाठव, अख्खा, दोन पोती. इथं खाली चक्की आहे, मी लागेल तसा दळून आणीन.